दीड महिन्याचं फळ

फेब्रुवारीत, रातांबे अजून हिरवे असताना
मी वही उघडते.
लेकीची गेल्या वर्षीची भूगोलाची वही,
मागची बावीस पानं कोरी राहिलेली.
तिनं काढलेली किनारपट्टी तशीच ठेवलीय,
तिच्या पुढच्या पानापासून माझा धंदा.

धंदा म्हणताना जीभ अजून अडखळते.
घरातले म्हणतात, “तिचं ते आमसुलांचं.”
तेरा वर्षांत पहिल्यांदाच लिहिलं:
आगळ, बाटल्या तीनशे.
आमसुलं, चाळीस किलो.
खाली रेघ मारली, जरा जास्तच जोरात.
कागद फाटला.

फळ दीड महिन्याचं, विक्री बारा महिन्यांची.
गणपतीत चाकरमानी दारात उभा राहील
तेव्हा झाडावर नुसती पानं असतात.

पहिली नोंद गेल्या सालाची, मुद्दाम लाल पेनानं:
मीठ अंदाजानं घातलं.
अंदाजानं, म्हणजे इंदुमतीशी बोलत बोलत.
कल्याणला निघालेल्या एकोणीस बाटल्या
चिपळूणपर्यंत शहाण्यासारख्या गेल्या,
मग एकेकीचं झाकण उडालं.
कंडक्टरचा फोन आला, हसू दाबत,
“ताई, तुमचं खोकं लाल लाल रडतंय.”
मीही हसले. फोन ठेवल्यावर नाही.
आता वजनकाटा आणलाय.
पाच किलोला मीठ किती, ते वहीला ठाऊक असू दे.
हात काय, दमतो,
गप्पांत रमतो.

आमसुलाला सात पुटं.
रसात बुडवा, वाळवा, पुन्हा बुडवा.
मेच्या वीस तारखेपुढे आभाळाचा भरवसा नाही,
म्हणून तिथून उलट मोजत आले,
जसे हे भरतीपासून उलट मोजतात
होडी कधी लोटायची ते.
भिंतीवर कॅलेंडर एकच.
चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात त्यांचं पाणी,
खालच्या कोपऱ्यात माझी पुटं.
एकदा माझा पाचाचा आकडा वाचून
भल्या पहाटे भोगव्याच्या वाळूवर गेले.
पाणी कुठं होतं!
गुडघाभर चिखल घेऊन आले,
आणि माझ्या पेनाचा रंग बदलून हिरवा झाला.

मग भावाचं पान.
रातांबे, मीठ, बाटली, झाकण, लेबल,
कुडाळपर्यंतचं रिक्षाभाडं.
बेरीज एकशे सहा. विकत होते एकशे तीसला.
वरचे चोवीस माझे, असं समजून
तेरा वर्षं खूश.
गटाच्या बैठकीत माडये मॅडमनी वही उलटसुलट पाहिली.
“तुमची मजुरी कुठंय यात?”
मी शोधली.
खरंच शोधली, पानभर बोट फिरवत,
कुठंतरी लिहिली असेल म्हणून.

फळं फोडायला सत्यवती येते,
तिला दिवसाचे चारशे देते.
तिच्याच शेजारी, तसल्याच पाटावर बसून
मी तेवढीच फळं फोडते.
माझीही नखं जूनपर्यंत काळी असतात.

लिहिलं: मजुरी, माझी. बाटलीमागे चाळीस.
‘माझी’ खोडलं. पुन्हा लिहिलं.
भाव एकशे सत्तर.

मालूवहिनी आल्या नेहमीसारख्या
तीन बाटल्यांची पिशवी घेऊन.
“इतक्या म्हाग कित्याक गो? घरचाच तर आसा!”
एरवी मी वीस रुपये सोडले असते
आणि वर मूठभर आमसुलं.
या वेळी पदराला हात पुसत राहिले,
पुसून झाले तरी.
ओट्यावर मांजर येऊन गेलं.
वहिनींनी एक बाटली घेतली,
दोन कप्पे रिकामे घेऊन पाणंदीनं गेल्या.
रात्री लिहिलं: मालूवहिनी, एक.
झोप उशिरा लागली.

एवढं सगळं मांडून
शेवटून दुसरं पान कोरं सोडलंय.
परड्यात रातांब्याची बारा झाडं,
त्यातली दोन माकडं खातात,
कधी पाच.
त्यांची वही त्यांच्याकडे.